‘फारच विरळ’ म्हणजे नक्की किती?

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी रात्री मामांनी मला अकरा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. मोबाइलचा कॅमेरा दुर्बिणीच्या भिंगाला टेकवून काढलेला. पाणी, धुकं, हलणारा हात आणि मधोमध तीन ठिपके. त्यातल्या एका ठिपक्याचं डोकं गुलाबीसर. खाली एकच ओळ होती : ‘घाणेवाडी. सकाळी ७.१०. जर्डनचं बदक?’

मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. रात्री साडेअकराला येणारे मेसेज बहुतेक कुठला तरी सर्व्हर पडल्याचे असतात, त्यामुळे छातीत धस्स व्हायची सवय आहे. या मेसेजनेही झालंच, पण वेगळ्या कारणाने. या ‘जर्डनच्या बदका’चं खूळ मामांच्या डोक्यात मीच घातलं होतं.

मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी जालन्याच्या आसपासच्या तळ्यांवर पक्षी बघायला सुरुवात केली. दोनेक वर्षांपूर्वी मी त्यांना थॉमस जर्डनच्या ‘द बर्ड्स ऑफ इंडिया’ची स्कॅन केलेली प्रत डाउनलोड करून दिली आणि त्यातल्या एका बदकाच्या पानावर खूण केली. ‘मामा, हा माणूस जालन्यात राहिलेला आहे,’ असं उत्साहाने सांगितलंही. पुढचं सगळं त्या खुणेमुळे झालं.

ते बदक म्हणजे गुलाबी डोक्याचं बदक. नर चॉकलेटी-काळ्या अंगाचा, लांब बारीक मानेचा. डोकं आणि मानेची मागची बाजू मात्र गुलाबाच्या पाकळीसारखी गुलाबी. चोचही गुलाबीसर. मादीचा रंग फिका. अंडी बदकाच्या अंड्यासारखी लांबट नव्हेत, जवळजवळ चेंडूसारखी गोल. जॉन लॅथम या इंग्रज पक्षितज्ज्ञाने १७९० साली त्याला शास्त्रीय नाव दिलं, त्यातही गुलाबी फुलाचाच संदर्भ आहे. लॅथमच्याही आधी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, कलकत्त्यात सर एलायजा आणि लेडी मेरी इम्पे यांच्या पदरी असलेला पाटण्याचा चित्रकार भवानी दास याने हे बदक रंगवलं होतं. म्हणजे या पक्ष्याकडे नीट निरखून बघणाऱ्या पहिल्या काही माणसांत एक हिंदुस्थानी चित्रकार होता. शास्त्रीय नावापुढे तो अर्थातच नाही.

आता हे बदक नाही. निदान कुणाला सापडत नाही. जून १९३५ मध्ये बिहारमधल्या दरभंगा भागात चार्ल्स इंग्लिसने मारलेलं बदक हा जंगलातला शेवटचा पक्का नमुना मानला जातो. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड एझ्रा आणि फ्रान्समध्ये जाँ देलाकूर यांच्या खासगी संग्रहांत काही जिवंत बदकं होती. त्यांची कृष्णधवल छायाचित्रं आहेत. गुलाबी डोक्याच्या पक्ष्याचे फोटो काळेपांढरे, यापेक्षा मोठी थट्टा काय असेल! पिंजऱ्यात त्यांची पिल्लं कधी झाली नाहीत. जगभरच्या संग्रहालयांत मिळून उरले आहेत सुमारे ८० नमुने.

जर्डन हा स्कॉटलंडमधल्या एडिंबरोत शिकलेला डॉक्टर. १८३६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत असिस्टंट सर्जन म्हणून आला. १८३७ मध्ये त्याची नेमणूक दुसऱ्या लाइट कॅव्हलरीत झाली. ही घोडदळाची तुकडी त्रिचनापल्लीहून जालन्याला आली आणि तिच्याबरोबर हा पंचविशीतला डॉक्टरही. हजार किलोमीटरहून जास्त अंतर. जालन्यात आगगाडी यायला अजून साठ वर्षं होती. वाटेत मोरापासून माळटिटवीपर्यंत काय काय दिसलं असेल याचा मला हेवा वाटतो.

जालन्यालाच का, तर इथे छावणी होती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला, हे शाळेत एका ओळीत शिकवतात. नंतर हैदराबादच्या निजामाच्या मुलखात इंग्रजांनी कायमचा तळ ठोकला. जालन्याची छावणी १८२७ ची. जर्डन आला तेव्हा ती जेमतेम दहा वर्षांची होती. कुंडलिका नदीच्या एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला कादराबाद. पश्चिमेला मोती तलाव. गॅझेटिअर सांगतं की जमशेदखानाने तो बांधवला आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी शहरात पाणी खेळवलं. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आमच्याकडे अजून लोक सांगतात. हल्ली जरा हसून सांगतात.

या गावात जर्डनने काही वर्षं काढली. शांततेच्या काळात छावणीतल्या डॉक्टरला हिवताप आणि हगवण सोडली तर वेळच वेळ. तो पक्षी जमवू लागला. सुरुवातीला ओळख पटवायला नमुने स्कॉटलंडला, सर विल्यम जार्डिनकडे पाठवायचा. महिनोन्महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर पेटी उघडली तेव्हा नमुन्यांना कसर लागली होती. त्यानंतर जर्डनने आपली ओळख आपणच पटवायची असं ठरवलं. मला हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा अपघात वाटतो. हाताशी ग्रंथालय नाही, विचारायला जाणकार नाही, समोर फक्त पक्षी. १८३९-४० मध्ये मद्रासच्या नियतकालिकातून त्याने द्वीपकल्पातल्या पक्ष्यांची यादी छापली. पुण्याच्या बाजूने कर्नल साईक्सने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी केली होती, त्याहून ही कितीतरी मोठी. जालन्याचा उल्लेख तिच्यात पुन्हा पुन्हा येतो. पुढे १८६२ ते १८६४ मध्ये त्याचे ‘द बर्ड्स ऑफ इंडिया’चे खंड कलकत्त्याहून निघाले, हजारावर पक्ष्यांची माहिती देणारे. पुस्तक कुणासाठी? आडगावी नोकरीला असलेल्या, जवळ संदर्भग्रंथ नसलेल्या माणसांसाठी. म्हणजे जालन्यात असतानाच्या स्वतःसाठीच.

त्या पुस्तकात गुलाबी डोक्याच्या बदकाबद्दल जर्डन म्हणतो ते थोडक्यात असं : बंगालच्या काही भागांत त्यातल्या त्यात जास्त, वायव्य प्रांतांत कमी, मध्य आणि दक्षिण हिंदुस्थानात फारच विरळ.

मी खूण केली होती ती याच ‘फारच विरळ’ला.

आमच्या धंद्यात ‘शून्य’ आणि ‘माहिती नाही’ या दोन निराळ्या गोष्टी असतात. एखाद्या रकान्यात ० लिहिलं असेल तर कुणीतरी मोजलं आणि काही मिळालं नाही. रकाना रिकामा असेल तर कुणी मोजलंच नाही. नवीन मुलं या दोन्हींची गल्लत करतात आणि मग रात्री साडेअकराला मेसेज येतात. जर्डनचं ‘फारच विरळ’ या दोन्हींच्या मधलं आहे. कुठे तरी, कुणाला तरी, कधी तरी. विज्ञान शिकवलेल्या आणि हातात भरपूर वेळ असलेल्या माणसाला असा शब्द देणं धोक्याचं.

मामांना मी फोन केला. ‘मामा, ती मोठी लालसरी असेल.’

‘असेल म्हणजे? तू पुण्यात बसून सांगायलास. ये की बघायला.’

रविवारी पहाटे पाचला मामांच्या स्कूटरवर मागे बसून मी घाणेवाडीला निघालो. जानेवारी जवळ आला की मराठवाड्यात थंडी हाडात शिरते. मामांनी कानाला मफलर गुंडाळला होता. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी दिवाळीनंतरच ऑपरेशन करायला सांगितलं होतं, पण मामांनी ते मार्चवर ढकललं. कारण मामींनी मला आदल्या रात्री हळूच सांगितलं : मार्चमध्ये बदकं परत जातात.

घाणेवाडीचा तलाव निजामाच्या काळातला. जालन्याला त्याचं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने येतं. २०१२-१३ च्या दुष्काळात तो आटला आणि जालना टँकरवर जगलं. मी तेव्हा शाळेत होतो. आठवड्यातून एकदा येणाऱ्या टँकरभोवतीची भांडणं अजून डोळ्यांपुढे आहेत. नंतर लोकांनी वर्गण्या काढून तलावातला गाळ उपसला आणि शेतकऱ्यांनी तो शेतात नेला. मामांची पहिली वही त्याच वर्षीची. तलाव कोरडा असताना तिथे काय दिसतं हे लिहायला त्यांनी सुरुवात केली. पहिल्या पानावर एकच नोंद आहे : टिटवी २.

आम्ही बंधाऱ्याच्या पायथ्याशी बाभळीच्या आडोशाला बसलो. उजाडायला लागलं तसे आवाज आधी आले. वारकऱ्यांचं खाकरणं, टिबुकलीची खिदळ. मग आकृत्या. हळदी-कुंकू बदकांची जोडी काठाकाठाने चरत गेली. थापटे चमच्यासारख्या चोचींनी पाणी गाळत गोल फिरत होते. तलवार बदकं, भुवई बदकं. चक्रवाकांची एक जोडी पलीकडच्या चिखलात. मामा डाव्या डोळ्याने बघत होते आणि उजव्या हाताने लिहीत होते. मी मोजायचो, ते लिहायचे. गुलाबी काहीच नाही.

सात वाजले, साडेसात झाले. पक्षी बघण्याचा हा भाग रील्समध्ये कधी दिसत नाही. काहीही न घडणारे दोन-तीन तास, सुन्न झालेले पाय आणि थर्मासमधला कोमट चहा.

त्या वेळात मी मामांना जंगली घुबडाची गोष्ट सांगितली, खरं तर माझी बाजू मांडायला. ‘वन पिंगळा’ म्हणतात त्याला. मध्य भारतात एकोणिसाव्या शतकात त्याचे मोजके नमुने मिळाले, शेवटचे १८८० च्या दशकात आपल्या खानदेशातून, जेम्स डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने जमवलेले. त्यानंतर एक नमुना होता, १९१४ चा, गुजरातमधल्या मांडवीचा, रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज कर्नलच्या नावावर. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना हे घुबड नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ जिवंत सापडलं. शंभराहून जास्त वर्षांनी. हे कसं जमलं, तर शोधायला निघण्याआधी रासमुसेनने जुने नमुनेच तपासले. कर्नलसाहेबांचं १९१४ चं घुबड हे मुळात डेव्हिडसनचंच होतं. संग्रहालयातून चोरलेलं, पुन्हा शिवलेलं, नवी चिठ्ठी लावलेलं. पक्ष्यात कापूस भरायची डेव्हिडसनची पद्धत उसवलेल्या टाक्यांखाली राहून गेली होती. खोटी नोंद बाजूला काढली तेव्हा कुठे शोधायचं ते कळलं.

‘म्हणजे खोटं लिहिलं की पुढच्यांची वाट चुकते,’ मामा म्हणाले.

‘हो.’

‘पण घुबड सापडलं ना?’

यावर मी गप्प बसलो. मुद्दा माझा होता आणि जिंकले ते.

त्यांनी लगेच दुसरं उदाहरण दिलं, तेही जर्डनच्याच नावाचं. जर्डनचा धाविक, माळावरचा रात्रिंचर पक्षी. १९०० नंतर बेपत्ता. जानेवारी १९८६ मध्ये आंध्रातल्या कडप्पा भागात पुन्हा मिळाला. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे भरत भूषण तिथे शोध घेत होते, पण पक्षी प्रत्यक्ष हातात धरला तो ऐतन्ना या स्थानिक शिकाऱ्याने, रात्री, विजेरीच्या उजेडात. ‘शास्त्रज्ञांना नाही सापडला, गावातल्या माणसाला सापडला,’ मामा म्हणाले. हे वाक्य बराच काळ तयार ठेवलेलं होतं हे उघड होतं.

मला त्यांना सांगायचं होतं की बदकाचं गणित वेगळं आहे. धाविक आणि वन पिंगळा यांचे माळ आणि रानं कमी झाली, पण उरली होती. गुलाबी डोक्याचं बदक राहायचं गंगा-ब्रह्मपुत्रेच्या सखल प्रदेशात, उंच गवतात लपलेल्या दलदलीच्या डबक्यांमध्ये. थव्याने उघड्या पाण्यावर न येता जोडीजोडीने, आडोशाला. ती गवतं नांगराखाली गेली. वर शिकारी होतेच. हिवाळ्यात कलकत्त्याच्या बाजारात इतर बदकांच्या जुड्यांमध्ये अधूनमधून हेही टांगलेलं असायचं. आधीच थोडी असलेली जात, राहायची जागा एकाच प्रकारची, ती जागा भाताला सोयीची. सालिम अलींनी १९६० साली या बदकावर लेख लिहिला तो जवळजवळ मृत्युलेखच होता. अधिकृत यादीत आजही त्याला ‘नामशेष’ म्हटलेलं नाही. ‘अतिसंकटग्रस्त, बहुधा नामशेष’ असं आहे. त्या ‘बहुधा’च्या जोरावर २०१७ साली एक तुकडी म्यानमारमधल्या इंडॉजी सरोवरावर जाऊन आली. बदक नाही मिळालं.

आणि दिसल्याच्या बातम्या मात्र दर काही वर्षांनी येतात. तपासलं की बहुतेक वेळा निघतं हळदी-कुंकू बदक, नाही तर मोठी लालसरी. लालसरीच्या नराचं डोकं तांबूस-नारिंगी, फुगीर, ब्रशसारखं. सकाळच्या तिरप्या उजेडात, धुक्यातून, लांबून ते गुलाबी दिसतं. मग फरक कसा करायचा? डोक्याकडे बघायचंच नाही. बाजू बघायची. लालसरीच्या दोन्ही कुशी पांढऱ्या, छाती काळी. गुलाबी डोक्याच्या बदकाचं अंग सगळं गडद, पांढरा डाग कुठे नाही.

हे मी मामांना बोललो नाही. त्यांना हे सगळं माहीत होतं. त्यांनीच मला आठवीत असताना वारकरी आणि पाणकोंबडीतला फरक कपाळावरच्या पट्टीवरून शिकवला होता. ज्या माणसाने आपल्याला बघायला शिकवलं त्याला ‘तुम्हाला नीट दिसत नाही’ हे कसं सांगायचं, याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नसावं.

आठ वाजून वीस मिनिटांनी तीन पक्षी पश्चिमेच्या खोल पाण्यातून बाहेर आले. गाळ काढल्यापासून तिथे पाणी खोल आहे. पाण्याखालच्या वनस्पती खायला बुडी मारणाऱ्या बदकांना ते आवडत असावं, असा आपला माझा अंदाज. ऊन आमच्या पाठीवर होतं. मी दुर्बीण लावली. फुगीर तांबूस डोकं, लालभडक चोच. मग ठरवल्याप्रमाणे नजर खाली नेली. पांढऱ्या कुशी, चुन्याने रंगवल्यासारख्या.

मी काही बोललो नाही. मामांनी दुर्बीण डाव्या डोळ्याला लावली. बराच वेळ लावून धरली. मग ती माझ्याकडे न देता डोळा बदलला आणि उजव्या डोळ्याने बघितलं. पुन्हा डाव्या.

‘या डोळ्याला गुलाबीच दिसायलंय,’ ते म्हणाले. ‘कुशी?’

‘पांढऱ्या आहेत, मामा.’

‘तिन्हींच्या?’

‘तिन्हींच्या. तिन्ही नर.’

त्यांनी मान हलवली. मोठी लालसरी जायकवाडीला हिवाळ्यात येते, पण घाणेवाडीच्या त्यांच्या वह्यांत ती आधी दोनदाच आहे. म्हणजे पाहुणे तसेही मोलाचे होते. मामांनी वही मांडीवर घेतली. शुक्रवारच्या पानावर त्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘गु. डो. बदक? ३’. मला वाटलं ते खोडतील. त्यांनी खोडलं नाही. त्यावर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि पुढे लिहिलं : ‘मोठी लालसरी, नर ३. रविवारी भाच्याने कुशी पाहिल्या.’ तारीख घातली.

परत येताना आम्ही मोती तलावावरून आलो. काठावर गणपतीच्या विसर्जनातला एक पाट अजून पडून होता. पाण्यात चार-पाच वारकरी. मामांनी स्कूटर थांबवली, पण दुर्बीण काढली नाही.

‘जर्डन इथं बसला असंल का रे?’

‘छावणीपासून जवळच आहे. बसला असेल.’

‘त्याला तरी कोण होतं बाजू सांगायला.’ त्यांनी किक मारली. मग मागे न वळता म्हणाले, ‘त्या डॉक्टरचा नंबर आहे ना तुझ्याकडे? जानेवारीत जमतंय का विचार. लालसरी फेब्रुवारीपर्यंत राहतात.’